पोपटी शब्दकोशाची सहा मतं

नियम बाइंडरनेच सुचवला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं शोधायला नको.

बाइंडर म्हणजे खाली कारखाना आणि वर घर अशा दुमजली जागेत पुस्तकं बांधणारा गृहस्थ. सुटलेली पानं, उसवलेले फर्मे म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, पाठ मोडलेले जाडजूड ग्रंथ लोक त्याच्याकडे घेऊन येत आणि तो त्यांना पुन्हा उभं करून देई. हाताला गुण होता, त्यात वाद नाही. जिभेला लगाम नव्हता, त्यातही वाद नाही.

गावोगावच्या बांधणीवाल्यांचं इंटरनेटवर एक जाळं होतं. त्याची गंमत अशी, की त्याला मालक नव्हता. ज्याला हवं त्याने आपलं घर उघडायचं, म्हणजे एक संगणक कायम चालू ठेवायचा, आपल्या माणसांची खाती त्यावर काढायची आणि बाकीच्या घरांकडे दार उघडं ठेवायचं. इकडचं लिहिलेलं तिकडे दिसे, तिकडचं इकडे. कुणाचं वागणं पटलं नाही तर आपलं दार लावून घ्यायचं, एवढीच काय ती शिक्षा. पण शिक्षा जबर होती. ज्याच्या तोंडावर सगळ्यांनी दारं लावली तो आपल्याच घरात आपल्याच भिंतींशी बोलत बसे.

बाइंडरच्या धाकट्या भावाने असंच एक घर काढलं होतं. जुना संगणक दाबयंत्राच्या वरच्या फळीवर घरघरत असे. बाइंडरला त्या फळीचा फार अभिमान. गल्लीत लोक त्याला ‘पुस्तकं चिकटवणारा’ म्हणत. जाळ्यावर त्याला लोक कारागीर म्हणत, कोपरा कसा दुमडलास म्हणून विचारत. माणसाला एवढं पुरतं.

या जाळ्यावर दर महिन्याला ‘महिन्याची जिल्द’, म्हणजे सगळ्यांत चांगली बांधणी, निवडली जाई. आपल्या कामाचा फोटो टाकायचा. आवडला तर लोक वरचा बाण दाबत, नावडला तर खालचा. हा कारभार एक गृहस्थ बघत. ते दूर कुठेतरी हातकागद बनवत, त्यांचं घर सगळ्यांत मोठं होतं, आणि दारांवर नजर ठेवून असल्यामुळे लोक त्यांना चौकीदार म्हणत.

मागच्या महिन्यात भलतंच घडलं. एका गोंद विकणाऱ्याने रातोरात चाळीसेक खोटी खाती काढली आणि स्वतःच्या गोंदाला वरचे बाण देऊन टाकले. त्यातली एक खातेदार तीन नातवंडांची आजी होती, दुसरा समुद्रात बुड्या मारणारा पाणबुड्या, तिसरा शाळामास्तर. तिघांनीही लिहिलं होतं, ‘एकदा चिकटला की चिकटला.’

बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भर चौकात, म्हणजे जाळ्यावर, जाहीर केलं: ‘एकाच घरातून, एकापाठोपाठ, एकाच भाषेत आलेली मतं खोटी धरा आणि त्या घराला दार लावा. दयामाया नको! आमच्याही घरात माझ्याशिवाय सहा खाती आहेत. सहाच्या सहा जिवंत. कधीही येऊन मोजून घ्या.’

सगळ्यांनी वरचा बाण दाबला आणि नियम झाला.

आता त्या सहा खात्यांची हकिगत. कारखान्यात आजोबांच्या वेळेपासून एक शिस्त होती, खळीचा हात कशालाही लावायचा नाही. पुठ्ठ्याला खळ लावणारे हात दिवसभर चिकट, त्यामुळे दार कोपराने ढकलायचं, पंख्याचं बटण खांद्याने दाबायचं. मामा तर फोन हनुवटीने उचलत. कोरडे हात एकट्या आत्याचे. ती खिडकीशी बसून सुईदोऱ्याने फर्मे शिवायची. खळीशी तिचा संबंध नव्हता. म्हणून बाहेरच्या जगाशी जो काही व्यवहार असेल तो आत्यामार्फत. दार आत्या उघडणार, पावती आत्या फाडणार, कुणाच्या नाकाला खाज सुटली तर तेही काम आत्याकडेच.

साहजिकच कीबोर्डही तिच्याकडे गेला. आईचं खातं, बाइंडरच्या बायकोचं, धाकट्याचं, मामांचं, कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याचं आणि तिचं स्वतःचं, अशी सहाही खाती आत्याने काढली. लोकांनी तोंडाने सांगायचं, आत्याने लिहायचं. पण सांगितलेलं जसंच्या तसं लिहिणं आत्याच्या रक्तात नव्हतं. कटिंगवाला हा दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. तो मशीनवरून मान वर करून ‘बरंय’ म्हणायचा आणि आत्या लिहायची, ‘अतिशय सुबक आणि देखणे काम. मन प्रसन्न झाले. शिवण पक्की तर जिल्द पक्की!’ शेवटचं वाक्य तिचं आवडतं. ते ती सगळ्यांच्याच लिहिण्यात टाकायची, कारण ते खरं होतं आणि खरं कितीदाही सांगावं असं तिचं मत होतं.

आत्याला या जाळ्यावर एक मैत्रीणही मिळाली होती. दूरच्या कुठल्याशा गावातली, तीही शिवणवालीच. दोघी रोज संध्याकाळी दोऱ्यांबद्दल बोलत. निदान सुरुवात तरी दोऱ्याने होई. एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण मैत्रिणीच्या गुडघ्यांचं दुखणं आत्याला आपल्या गुडघ्यांइतकं माहीत होतं.

तर या महिन्यात बाइंडरने एक जाडा शब्दकोश बांधला. पंधरा दिवस तो कुणाला दाखवला नाही. मग एका दुपारी सगळ्यांना काम थांबवायला लावून त्याने फडकं बाजूला केलं.

कापड पोपटी होतं. पोपटी म्हणजे साधं हिरवट नव्हे, डोळे मिटले तरी आत दिसत राहील असं. पाठीवर जांभळी पट्टी. पट्टीवर सोनेरी अक्षरं. चारही कोपऱ्यांना लाल चामडं.

कटिंगवाल्याने मशीन बंद केलं.

“बोला,” बाइंडर म्हणाला. “मनात काही ठेवू नका.”

“डोळ्यांत भरतं हो,” आई म्हणाली आणि तिने खरोखरच डोळे पुसले.

“असं आजवर कुणी केलं नसेल,” बायको म्हणाली.

“लांबून ओळखू येईल,” धाकटा म्हणाला.

“पेटीत ठेव. नाहीतर रंग उडायचा,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती.

कटिंगवाला म्हणाला, “शिवण छान आहे.”

“बघ आत्या! एका सुरात!” बाइंडर हरखून म्हणाला. “हा महिना आपला. लिहून ठेव. घे सगळ्यांची मतं.”

आत्याने दोरा तोडला आणि ती फळीखालच्या स्टुलावर येऊन बसली. बाइंडर तिच्या खांद्यामागे उभा राहिला. आत्या एकेकाचं नाव घेई, तो माणूस दूर उभा राहून खळीचे हात हवेत धरून मान हलवी, आत्या त्याच्या खात्यात शिरे, वरचा बाण दाबी, दोन ओळी लिही आणि बाहेर येई. कुणाची मान हलायला उशीर झाला तर बाइंडर नुसता वळून बघे. चहा उकळायच्या आत सहाही मतं पडली. सहाही अभिप्राय सुरेख होते आणि सहाही शिवण पक्की तर जिल्द पक्की या वाक्याने संपत होते.

दुसऱ्या दिवशी चौकीदारांची सूचना आली. आत्याने मोठ्याने वाचली.

‘बाइंडर यांच्या घरातून सहा मतं आली आहेत. एकाच घरातून, एकापाठोपाठ, एकाच भाषेत. माणूस एक आणि मुखवटे सहा, असा आमचा समज आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत तो खोटा ठरवावा, अन्यथा सर्व घरं आपल्याला दार लावतील. नियम आपणच सुचवला होता, त्याबद्दल पुन्हा एकदा आभार.’

“मुखवटे?” बाइंडर गरजला. “माझी आई मुखवटा? जिने मला जन्म दिला ती?”

“मला काय झालंय?” आईने विचारलं. तिला कमी ऐकू यायचं असं नाही, पण जाळं, खातं, बाण या भानगडीत ती कधी पडली नव्हती.

“तू खोटी आहेस म्हणतोय तो.”

“कोण मेला म्हणतो?”

“सगळ्यांनी दार लावलं म्हणजे माझं ते दोऱ्यांचं बोलणं…” आत्या म्हणाली आणि थांबली. मग चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छच होता.

बाइंडरने ते बघितलं आणि त्याचं रक्त आणखी उसळलं. “कर नाही त्याला डर कशाला? मी एकाही माणसाला खोटं खातं काढायला लावलं नाही. आपण सात माणसं आहोत, हाडामांसाची आहोत, आणि हे मी त्या चौकीदाराच्या छाताडावर बसून सिद्ध करणार. आत्या, लिही. प्रत्येकाने आपापला निषेध सांगा.”

आपापला निषेध प्रत्येकाने सांगितला. आई म्हणाली, त्याचं तळपट होवो. मामा म्हणाले, जाऊ दे. कटिंगवाला म्हणाला, “बरं नाही हे.” आत्याने नाकावर चष्मा चढवून सहा निषेध लिहिले. ‘आमच्या अस्तित्वावर घेतलेल्या संशयाने मन विषण्ण झाले आहे,’ अशी सहाही निषेधांची सुरुवात होती. शेवट काय होता ते सांगायला नको.

तासाभरात जाळ्यावर हसून हसून लोक आडवे झाले. कुणी लिहिलं, सातवा मुखवटा कधी बोलणार? कुणी लिहिलं, या माणसाला निदान वाक्य तरी बदलून द्या. गोंदवाल्यानेसुद्धा कुठल्याशा खिडकीतून डोकावून लिहिलं, ‘आमच्या आजीबाई आणि पाणबुड्या तरी वेगवेगळ्या वयाचे होते.’ हे बाइंडरला फार लागलं. ज्याच्या विरोधात नियम केला त्याने आपल्याला शिकवावं!

“फोटो काढू,” धाकटा म्हणाला. “सगळ्यांचा एकत्र. मग काय म्हणतील?”

“आता कसं बोललास,” बाइंडर म्हणाला. “आत्ताच्या आत्ता. कामाच्या जागी, कामाच्या कपड्यांत. कुठे नटूनथटून बसायचं नाही.”

त्या दिवशी मोठी कापणी चालू होती. कागदाचा भुसा नाकातोंडात जाऊ नये म्हणून कापणीच्या दिवशी सगळे तोंडावर फडकं बांधत आणि डोक्यालाही. एप्रन सगळ्यांचे राखाडी, एकाच ताग्यातून शिवलेले. तिपाईवर फोन ठेवला, सगळे ओळीने उभे राहिले, फोटो निघाला, आत्याने तो चढवला आणि मग सगळ्यांनी कौतुकाने पडद्याकडे बघितलं.

सात राखाडी आकृत्या. चौदा डोळे. बाकी फडकं.

“अरेच्चा,” मामा म्हणाले, “यात मी कुठला?”

मुखवट्यांचा आरोप आल्यावर मुखवटे बांधून फोटो पाठवणारं घर जाळ्याच्या इतिहासात हे पहिलंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोटो घरोघरी फिरला. एकाने तर एकाच माणसाला सातदा चिकटवल्याच्या खुणासुद्धा शोधून काढल्या, बाणांनी दाखवून.

बायको संध्याकाळी हळूच म्हणाली, “अहो, माफी मागून मोकळे व्हा ना.”

“कशाची माफी? असण्याची? मी माझ्या आईच्या असण्याची माफी मागू?” बाइंडरने मुठी आवळल्या आणि त्या तशाच चिकटून राहिल्या, कारण हात धुवायचे राहिले होते. “समोरासमोर येऊ दे म्हणावं. कॅमेऱ्यावर. एकेकाची उलटतपासणी घे म्हणावं. माझी माणसं कच्ची नाहीत!”

शनिवारी चौकीदार पडद्यावर आले. बाइंडरला वाटलं होतं, कोणी मिशीवाला दणकट गडी असेल. निघाले एक बारीकसे, दमलेले गृहस्थ, बाहीला कागदाचा लगदा लागलेला. त्यांनी नमस्कार केला. बाइंडरने केला नाही. त्याने फक्त आईला पुढे केलं.

आई स्टुलावर बसली. तिने पडद्याकडे रोखून बघितलं. “तूच का तो? मी खोटी वाटते तुला? हा हात बघ. भाजलाय बघ इथे. खोट्या माणसाचा भाजतो का हात?”

“नाही हो आजी,” चौकीदार नरमाईने म्हणाले. “तुम्ही खऱ्या आहात, मला दिसतंय. एकच विचारतो. ‘रंगसंगतीने दृष्टी दिपून गेली’ हे तुम्हीच लिहिलंत ना?”

“मी कशाला लिहू? ते आत्यानं लिहिलं.”

“बरं. पण वरचा बाण तुम्हीच दाबलात?”

“कसला बाण?” आई म्हणाली. “आमच्याकडे सगळ्यांची मतं आत्याच देते.”

आईला वाटलं, आपण बाजी मारली. ती उठताना आणखी म्हणाली, “अगदी चोख देते हो. कुणाचं राहू देत नाही.”

चौकीदारांनी बाकीच्यांना बोलावलंसुद्धा नाही. त्यांनी बाहीवरचा लगदा खरवडला आणि म्हणाले, “बाइंडर, तुमची माणसं खरी आहेत. मी तसं जाहीर करतो. पण मतं खोटी आहेत.”

“मतं कशी खोटी? आत्याने विचारून दिली आहेत! मी स्वतः मागे उभा होतो!”

“तेच म्हणतोय मी,” चौकीदार म्हणाले.

बाइंडरला ते कळलं नाही. आत्याला कळलं असावं, कारण ती सुईत दोरा ओवायला लागली आणि दोरा काही जाईना.

“हे बघा,” चौकीदार म्हणाले, “मला कुणाला दार लावायची हौस नाही. जुनी मतं मी पुसतो. उद्या नव्याने द्या. प्रत्येकाने आपल्या हाताने, एकट्याने, आत कुणी नको. लिहायचंही आपलं आपण. त्यातून पटलं तर ठीक, नाहीतर नियम आहेच तुमचा.”

“उद्या कशाला? आज घ्या!” बाइंडरने छाती पुढे काढली. “शंभरदा घ्या! हात धुऊन घेतो आम्ही!”

पडदा बंद झाल्यावर घरात मात्र कुणात उत्साह दिसेना. धाकटा म्हणाला, “दादा, त्यापेक्षा लागू दे ना दार. दुसरं एखादं जाळं बघू.” मामांना एकाएकी गावाला जावंसं वाटू लागलं. बायको म्हणाली, “अहो, खरंच नको. उगाच कशाला ताणता?”

“घाबरता काय सगळे?” बाइंडर म्हणाला. “बाण कुठला ते मी दाखवतो. वरचा.”

“बाण माहीत आहेत आम्हाला,” बायको म्हणाली.

त्या संध्याकाळी आत्याने मैत्रिणीला लिहिलं, उद्या कदाचित दार लागेल, गुडघ्याला तेल लावायचं विसरू नकोस. मग ती स्टुलावर बसून उत्तराची वाट बघत राहिली. बाइंडरने जिन्यातून बघितलं. त्याला गलबलून आलं. आपण हे सगळं एका जिल्दीपायी ओढवून घेतलं, असं त्याच्या मनात आलंसुद्धा. पण ते त्याने लगेच झटकून टाकलं. प्रश्न आता जिल्दीचा नव्हता, माणसांच्या खरेपणाचा होता, आणि त्याची माणसं खरी होती. उद्या जग बघेल.

रविवारी सकाळी मोरीसमोर रांग लागली. कारखान्यात सगळ्यांचे हात एकाच वेळी कोरडे असण्याचा तो पहिला दिवस असावा. कुणाला हातांचं काय करावं ते सुचेना. संगणक फळीवरून काढून कागदाच्या खोलीत ठेवला. धाकट्याने सगळ्यांना शिकवलं, वरचा बाण, खालचा बाण, आणि लिहायचं इथे. बाइंडर खोलीबाहेर हाताची घडी घालून उभा राहिला. दार आतून लागायचं आणि एकेक जण बराच वेळ आत राही.

आई आत गेली. बाहेर आली ती थेट वर गेली, गुडघे दुखत असूनही भरभर.

बायको आत गेली. बाहेर आली आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट करून स्वयंपाकघरात गेली.

मामा गेले, धाकटा गेला. कटिंगवाला तर इतका वेळ आत होता की बाइंडरने दाराला कान लावला. आतून एका बोटाने टकटक, टकटक चालली होती. शेवटी आत्या गेली आणि सगळ्यांत लवकर बाहेर आली.

“झालं?” बाइंडरने विचारलं.

“झालं बाबा,” आत्या म्हणाली.

संध्याकाळी निकाल लागला. यावेळी बाइंडरने स्वतः, धुतलेल्या हातांनी, पडदा उघडला. बाकीचे मागे उभे होते, दाराच्या जरा जवळ.

बाइंडरच्या घरातून सहा मतं. वरचा बाण एक. खालचे बाण पाच.

त्याने पडदा बंद करून पुन्हा उघडला. बाण तिथेच होते. मग त्याने खालचं वाचलं.

आईने लिहिलं होतं, ‘लेकरू गुणी आहे पण हा रंग बगून मला घाम सुटला.’ बायकोने लिहिलं होतं, ‘लाल, जांभळा, पोपटी. मी पंधरा वर्षं त्यांना एकट्याने सदरा घेऊ दिलेला नाही ते याचसाठी.’ मामांनी फक्त ‘क्षमस्व’ असं लिहिलं होतं. धाकट्याचं म्हणणं, ‘दादाच्या हाताला तोड नाही, डोळ्याला आहे.’ आणि कटिंगवाल्याने, त्या चार शब्दांच्या माणसाने, पडदाभर मजकूर लिहिला होता. कापडाची जाडी, कोपऱ्यांचं चामडं, पट्टीची रुंदी, काय चुकलं आणि का चुकलं. शेवटी म्हटलं होतं, ‘गेली बारा वर्षं हे सांगायचं होतं. शिवण छान आहे.’

त्याच्या खाली चौकीदारांचा निर्णय होता.

‘पूर्ण खात्री पटली. स्वतःच्या खोट्या खात्यांकडून कुणी स्वतःलाच अशी चपराक मारून घेत नाही. ही पाच माणसं शंभर टक्के खरी आहेत. बाइंडर यांच्या घराचं दार उघडंच राहील. झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.’

जाळ्यावर लोकांनी वरच्या बाणांचा पाऊस पाडला. पण तो निर्णयावर. शब्दकोशाकडे कुणी फिरकलं नाही.

बाइंडर पाठमोराच बसून राहिला. पाठ मोडलेली पुस्तकं त्याने हजारो जोडली होती, स्वतःची कशी जोडतात ते त्याला ठाऊक नव्हतं. “मग तेव्हाच का नाही बोललात?” त्याने विचारलं.

“तुम्ही मागे उभे होतात,” बायको म्हणाली. ती हे शांतपणे म्हणाली आणि तिने त्याच्यासमोर चहा ठेवला.

बाइंडर चहा प्यायला. पिता पिता त्याची मान हळूहळू ताठ झाली. शेवटी सिद्ध काय झालं? त्याच्या घरात खोटं माणूस एक नाही! जगात आहे का कुणाच्या घरात असा पुरावा, पाच-पाच साक्षीदारांचा? त्याने कीबोर्ड पुढे ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर शोधत, सगळ्या जाळ्याला कळवलं: ‘बघितलंत? मी म्हणालो होतो, माझी माणसं कच्ची नाहीत. शब्दकोश पोपटीच राहील. पुढचं पुस्तक केशरी.’

मागे कटिंगवाल्याने सुस्कारा टाकला.

“आणि एक मत वर आहे,” बाइंडर वळून म्हणाला. आता त्याच्या आवाजात पुन्हा धार आली होती. “बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली तरी एका माणसाला कळतं. एकाच माणसाला, पण कळतं! असं एक मत मला शंभरांच्या जागी आहे. आत्या, तुझंच ना ते?”

आत्याने सुई खाली ठेवली. तिची मैत्रीण पलीकडे वाट बघत होती. ती पडद्याकडे जायला निघालीच होती.

“माझंच,” ती म्हणाली. “अरे, बोट सवयीनं तिथेच गेलं. ते परत कसं घ्यायचं असतं, ते तेवढं धाकट्याला विचार बरं.”